रक्तातल्या साखरेची राखण

रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू लागली की वासावरून ते ओळखायचे आणि माणूस शुद्धीवर असतानाच त्याला सावध करायचे, हे काम शिकवलेली कुत्री आज अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अनेक मधुमेही घरांत आहेत. त्यांच्याविषयी लिहिताना सुरुवात बहुधा कुत्र्याच्या नाकापासून होते. ते माणसाच्या नाकापेक्षा कितीतरी पटींनी तीक्ष्ण, म्हणून त्याला हे जमते, असे सांगितले जाते. पण ते नाक काही नवे नाही. कुत्रा माणसाच्या सोबतीला आला त्याला दहा हजारांहून अधिक वर्षे झाली. शिकारीत आणि पोलिसांच्या श्वानपथकात त्याचे नाक केव्हाच कामाला लागले होते. मग साखरेची राखण करणारा प्रशिक्षित कुत्रा 2003च्या सुमारासच का तयार झाला, 1903 मध्ये का नाही? माझ्या मते याचे उत्तर मधुमेहाच्या उपचारांच्या इतिहासात आहे. इन्शुलिनबरोबर एक नवे संकट आले, पुढे उपचार सुधारले तसे ते वाढले, आणि त्यावर अहोरात्र नजर ठेवणारे यंत्र यायला उशीर झाला. त्या मधल्या काळात हा व्यवसाय उभा राहिला. एवढे ध्यानात घेतले तर या कुत्र्यांवरून आज जो वाद चालतो त्याचा निवाडा करणे बरेच सोपे होते.

इन्शुलिनच्या आधी मधुमेहाबद्दल इंद्रियांना जे काही कळले ते सारे वाढलेल्या साखरेबद्दल होते. आपल्याकडच्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत मधासारख्या मूत्राचा आणि त्याला लागणाऱ्या मुंग्यांचा उल्लेख आहे. इंग्लंडमध्ये 17व्या शतकात थॉमस विलिसने मूत्राची गोडी नोंदवली, तर 1776 मध्ये मॅथ्यू डॉब्सनने मूत्र आटवून मागे उरलेली साखर दाखवली. मधुमेही बेशुद्धीत जाऊ लागला की त्याच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, हे 19व्या शतकातील डॉक्टरांना ठाऊक होते. तो वास अॅसिटोनचा. साखर उतरल्याने घामाघूम होऊन कोसळणारा मधुमेही मात्र त्यांच्यासमोर येण्याचे कारणच नव्हते, कारण साखर इतकी उतरवणारे औषधच नव्हते. ते औषध मिळाले कुत्र्यांमुळे. 1889 मध्ये स्ट्रासबुर्गला ऑस्कर मिन्कोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याला मधुमेह झाला. 1921च्या उन्हाळ्यात टोरंटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क टोचून अशाच कुत्र्यांची साखर उतरवून दाखवली. जानेवारी 1922 मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला हा अर्क टोचला गेला आणि मरणाच्या दारातला मुलगा सावरला. त्याच सुमारास टोरंटोच्या प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट दिसली. अर्काची मात्रा जास्त झाली की ससे झटके येऊन पडत आणि ग्लुकोज टोचले की उठून बसत. इन्शुलिनचे सुरुवातीचे एकक ठरले ते यावरूनच, सशाची साखर झटके येण्याइतकी उतरवणारी मात्रा धरून. औषधाचे पहिले मापच त्याच्या अपायावर बेतलेले होते, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात फार महत्त्वाची वाटते.

पुढची जवळजवळ पन्नास वर्षे घरोघरी इन्शुलिन घेणारी माणसे या अपायाच्या बाबतीत आंधळेपणानेच जगली. साखर तपासायची ती लघवीत, आधी द्रावण उकळून, मग गोळ्या टाकून, मग रंग बदलणाऱ्या पट्टीने. पण लघवीत साखर उतरते ती रक्तातील पातळी बरीच वाढल्यावर, आणि तीही काही तासांपूर्वीची हकीकत सांगते. साखर कमी झाली आहे हे लघवीची कोणतीही तपासणी सांगूच शकत नाही. रक्ताच्या थेंबावर चालणारी पट्टी 1960च्या दशकात आली, आणि रुग्णाने घरी स्वतःच बोट टोचून साखर पाहण्याची सवय रुळली ती 1970च्या दशकाच्या अखेरीपासून. तोवर इशारा देणारे एकच साधन होते, रुग्णाचे स्वतःचे शरीर. दरदरून घाम, हातांची थरथर, छातीत धडधड, कडकडून भूक ही लक्षणे जाणवली की साखर तोंडात टाकायची. पण साखर वारंवार उतरत राहिली की शरीर हे इशारे देणेच हळूहळू थांबवते. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्यांपैकी साधारण एक चतुर्थांश लोकांच्या वाट्याला हे येते. अशातच 1993 मध्ये अमेरिका आणि कॅनडातील 1,441 रुग्णांवर केलेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली तर डोळ्यांच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटतो, हे सिद्ध झाले आणि जगभरचे उपचार त्यानुसार बदलले. मात्र त्याच चाचणीत काटेकोर उपचार घेणाऱ्यांमध्ये साखर गंभीर पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंग जवळजवळ तिप्पट झाले होते. डोळे आणि मूत्रपिंडे वाचवायची असतील तर रात्रीच्या झोपेत बेशुद्ध होण्याची भीती पत्करावी लागेल, असा हा सौदा होता. मुलांना इन्शुलिन टोचणाऱ्या आईबापांनी तो वर्षानुवर्षे रात्री जागून पुरा केला.

कुत्रा या गोष्टीत येतो तो नेमका याच काळात, आणि येतो तो घरातले पाळीव जनावर म्हणून. साखर उतरली की आपले जनावर वेगळे वागते, असे पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे अनेक रुग्ण सांगतात, हे 1992 मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने छापले. 2000च्या डिसेंबरमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने तीन रुग्णांच्या कुत्र्यांच्या हकीकती प्रसिद्ध केल्या. रुग्णाला स्वतःला काही जाणवण्याआधीच ती कुत्री अस्वस्थ होत होती. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील डेबोरा वेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 212 मधुमेही श्वानपालकांना विचारले, तेव्हा 65 टक्क्यांनी सांगितले की निदान एकदा तरी कुत्र्याने साखर उतरल्याची दखल घेतली होती. ते सर्वेक्षण 2008 मध्ये छापून आले. व्यवसाय तोपर्यंत सुरू झालेला होता. कॅलिफोर्नियातील मार्क रुफेनाख्ट हे न्यायवैद्यक क्षेत्रात काम करणारे, स्वतः मधुमेही, आणि अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची पिल्ले सांभाळणारे गृहस्थ. एका रात्री त्यांची साखर उतरली असता सोबतच्या पिल्लाने त्यांना उठवले. त्यातून त्यांनी आर्मस्ट्राँग नावाच्या लॅब्रॅडॉरला पद्धतशीर शिक्षण दिले, आणि 2004 मध्ये ‘डॉग्ज फॉर डायबेटिक्स’ ही संस्था स्थापली. ब्रिटनमध्ये क्लेअर गेस्ट यांच्या संस्थेने, जी आज ‘मेडिकल डिटेक्शन डॉग्ज’ म्हणून ओळखली जाते, 2008 पासून हेच काम हाती घेतले. या संस्थांना पहिली कुत्री मिळाली ती बऱ्याच अंशी अंधांसाठीच्या श्वानसेवेच्या परंपरेतून, आणि शिकवण्याची रीत आली ती स्फोटके व अमली पदार्थ हुंगणाऱ्या श्वानपथकांकडून.

रीत अशी. साखर दर डेसिलिटर रक्तात 70 मिलिग्रॅमच्या खाली गेलेली असताना रुग्ण आपला घाम कापसाने किंवा जाळीदार कापडाने टिपतो, आणि तो नमुना बंद डबीत घालून गोठवतात. अशा डब्या साखर ठीक असतानाच्या नमुन्यांमध्ये आणि रिकाम्या डब्यांमध्ये मिसळून ठेवायच्या. कुत्रा नेमक्या डबीशी थांबला की लगेच खाऊ. हे पक्के झाले की इशारा शिकवायचा. कोणी पंजा मारतो, कोणी अंगावर उडी घेतो, कोणी गळ्यातला लहानसा पट्टा तोंडात धरून समोर उभा राहतो, कोणी तपासणीची पिशवीच आणून देतो. शेवटचा आणि सर्वांत लांबचा टप्पा हा माणसाबरोबर राहण्याचा असतो. प्रत्येक इशाऱ्यानंतर बोट टोचून साखर पाहायची, इशारा खरा निघाला तरच बक्षीस द्यायचे, आणि हे वर्षानुवर्षे चुकवायचे नाही. या शिस्तीत माणूस ढिला पडला की कुत्राही ढिला पडतो. त्यामुळे ‘कुत्र्याची अचूकता’ म्हणून जी मोजली जाते तिच्यात घरातल्या माणसाचा वाटा फार मोठा असतो.

ही सारी उभारणी झाली तेव्हा कुत्रा नक्की काय हुंगतो हे कोणालाच सांगता येत नव्हते. विज्ञान मागाहून आले आणि त्याची उत्तरे एकमेकांशी जुळेनात. 2013 मध्ये ऑरेगनमधील संशोधकांनी तीन प्रशिक्षित कुत्र्यांपुढे त्वचेवरून घेतलेले नमुने ठेवले. त्यांचे निकाल नाणेफेकीहून फारसे बरे नव्हते. 2015 मध्ये इंडियानात सहा कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगात मात्र उतरलेल्या साखरेचे 50 ते 87.5 टक्के नमुने ओळखले गेले आणि चुकीचे इशारे थोडेच निघाले. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी आठ रुग्ण स्त्रियांची साखर देखरेखीखाली उतरवली आणि श्वासातील आयसोप्रीन हे रसायन वाढते, काहींच्या बाबतीत जवळजवळ दुप्पट होते, असे दाखवले. निदान हुंगण्याजोगे काहीतरी असते याचा हा पहिला भक्कम पुरावा. त्यानंतरचे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. 2017 मध्ये ऑरेगनमध्येच आठ रुग्णांना साखर सतत मोजणारा सेन्सर लावला, पण त्याचे आकडे त्यांना दिसू दिले नाहीत. कुत्र्यांनी साखर उतरल्याचे 36 टक्के प्रसंगच पकडले, आणि त्यांच्या इशाऱ्यांपैकी खरे निघाले फक्त 12 टक्के. उलट 2019 मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या निकोला रूनी आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश संस्थेच्या 27 कुत्र्यांच्या चार हजारांहून अधिक प्रसंगांच्या नोंदी तपासल्या. मधल्या क्रमांकाच्या कुत्र्याने उतरलेल्या साखरेचे 83 टक्के प्रसंग ओळखले होते.

यावर पहिला आक्षेप कठोर आहे. 1904 च्या सुमारास बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणिते सोडवतो म्हणून गाजला होता. ऑस्कर फुंग्स्टने 1907 मध्ये दाखवून दिले की तो प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता. ही कुत्रीही तेच करतात, असे आक्षेप घेणारे म्हणतात. मालकाची चाल मंदावली, चिडचिड वाढली, झोपेत कूस बदलण्याची लय बदलली की ती उठतात. हा आक्षेप मी फेटाळत नाही, पण त्याने राखणीचे मोल कमी होते असेही मला वाटत नाही. रुग्णाला स्वतःला जे कळत नाही ते कुत्र्याला त्याच्या हालचालींवरून कळले, तरी प्राण वाचतातच. खरी अडचण मोजणीत आहे. ब्रिस्टलच्या आकड्यांचा आधार मालकांनी स्वतः ठेवलेल्या नोंदी आहेत. कुत्रा गप्प राहिला आणि माणसाने तपासलेच नाही, तर तो प्रसंग वहीत येतच नाही. ऑरेगनच्या झाकलेल्या सेन्सरने असे प्रसंगही टिपले, म्हणून आकडा उतरला. आणि त्याच अभ्यासातले मालक आपल्या कुत्र्यावर अतिशय समाधानी होते, त्यांचा त्याच्यावर पुरता भरवसा होता. इतका लळा लावणाऱ्या जिवाचे चुकलेले इशारे मनात राहत नाहीत, एकदा रात्री त्याने उठवलेले जन्मभर राहते. यात कोणाचा खोटेपणा नाही, पण पुरावा म्हणून हे समाधान चालणार नाही. तरीही दोन अभ्यासांतील तफावतीचे सारे कारण मोजणीत आहे असे मानणे घाईचे होईल. ब्रिटिश संस्था कुत्रा देऊन मोकळी होत नाही, ती नोंदी मागत राहते आणि पुन्हा शिकवते. कुत्र्याकुत्र्यातला फरक 2019च्या अभ्यासातही मोठाच होता. म्हणून ‘मधुमेहाची कुत्री विश्वासार्ह असतात का’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. ते त्या एका कुत्र्याबद्दल आणि त्या एका घराबद्दलच देता येते.

दुसरा आक्षेप काळाचा आहे. शरीरात सतत साखर मोजणारा पहिला सेन्सर अमेरिकेत 1999 मध्ये मान्य झाला, पण त्याचे आकडे नंतर दवाखान्यात गेल्यावर पाहायचे होते. साखर उतरताना तेव्हाच वाजणारे सेन्सर पुढच्या दशकात आले, तेही महाग आणि वरचेवर चुकणारे. बोट न टोचता दंडावर चिकटवायचा सेन्सर 2014 मध्ये युरोपात आला. 2016 मध्ये साखर पाहून इन्शुलिन स्वतःच कमी-जास्त करणाऱ्या पंपाला मान्यता मिळाली. म्हणजे 1993 मध्ये उघडलेली दरी आता बरीचशी बुजली आहे, आणि ऑरेगनच्या अभ्यासात कुत्रा आणि सेन्सर या दोघांनीही पकडलेल्या प्रसंगांपैकी 73 टक्के वेळा सेन्सरच आधी वाजला असता. मग कुत्र्याचे काम संपले का? बहुतेकांसाठी संपले, असे मी म्हणेन. चिकटपट्टीने ज्यांच्या त्वचेवर फोड येतात, रात्री जे एकटे असतात आणि गजर वाजला तरी उठत नाहीत, त्यांच्यासाठी ते उरते. अंगावर चढून चाटणाऱ्या कुत्र्याला गजरासारखे दाबून बंद करता येत नाही.

सर्वांत मोठा धोका बाजारात आहे. अमेरिकेच्या अपंग हक्क कायद्यानुसार सेवाकुत्र्याला कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही. अपंगांना दारोदार कागद दाखवत फिरावे लागू नये हा त्यामागचा हेतू उत्तम होता, पण त्या सवलतीचा आडोसा विक्रेत्यांनीही घेतला. 2018 मध्ये व्हर्जिनियाच्या महाधिवक्त्यांनी अशा एका विक्रेत्यावर खटला भरला. 18 ते 27 हजार डॉलर घेऊन तो मधुमेही मुलांच्या घरी नीट न शिकवलेली पिल्ले पाठवत असल्याचा आरोप होता. त्या घरांनी देणग्या गोळा करून हे पैसे उभे केले होते. आपल्याकडे दंडावरचा सेन्सर औषधविक्रेत्याकडे मिळतो, पण अशा कुत्र्यांची चित्रफीत मोबाइलवर आली की लहान मधुमेही मुलाच्या आईबापांचा जीव तिकडेच ओढ घेतो, आणि तो का घेतो हे समजण्यासारखे आहे. त्यांना एवढेच सांगणे आहे. पहिला पैसा सेन्सरवर आणि साखर तपासण्याच्या पट्ट्यांवर खर्च करा. कोणी कुत्रा देऊ केला तर त्या एका कुत्र्याच्या निदान तीन महिन्यांच्या नोंदी मागा, त्याही झाकलेल्या सेन्सरच्या आकड्यांशी ताडून पाहिलेल्या, आणि त्या मिळत नसतील तर व्यवहार करू नका.