शब्दाच्या पोटातली अक्षरं

1931 साली न्यूयॉर्कमधल्या एका वास्तुरचनाकाराची नोकरी गेली. महामंदीत नव्या इमारती बांधायला कोणी तयार नव्हतं. आल्फ्रेड मोशर बट्स हे त्याचं नाव. रिकाम्या वेळात तो खेळांचा अभ्यास करू लागला. फाशांचे आणि आकड्यांचे खेळ बाजारात भरपूर होते, बुद्धिबळासारखे चालींचे खेळही होते, पण शब्दांचे खेळ फारच थोडे. मग वर्तमानपत्राचं पहिलं पान पुढ्यात घेऊन तो अक्षरं मोजायला बसला. ई किती वेळा आला, टी किती वेळा, झेड किती वेळा. कागदावर उभ्या रेघा ओढत त्याने सगळी मुळाक्षरं मोजून काढली.

ही युक्ती त्याला एका कथेत सापडली. एडगर ॲलन पो याच्या 1843 सालच्या ‘द गोल्ड-बग’ या कथेत पुरलेल्या खजिन्याचा पत्ता सांकेतिक खुणांत लिहिलेला असतो. जी खूण सर्वांत जास्त वेळा येते ती ई असणार, या एका तर्कावर नायक तो सगळा मजकूर उलगडतो. पोच्याही कितीतरी आधी, नवव्या शतकात, बगदादच्या अल-किंदीने हीच रीत लिहून ठेवली होती. त्या दोघांना मोजणी लागली ती गुपित फोडायला. बट्सने तीच मोजणी खेळ रचायला वापरली, आणि या साऱ्या कुळकथेत मला हीच जागा सर्वांत मोलाची वाटते.

या मोजणीतून शब्द जुळवायच्या शंभर सोंगट्या ठरल्या. ई बारा, ए आणि आय नऊ-नऊ, क्यू आणि झेड एकेकच. जे अक्षर जितकं दुर्मीळ, तितके त्याला गुण जास्त. ई लावला तर एक गुण, क्यू लावला तर दहा. एका ठिकाणी मात्र त्याने मोजणी बाजूला ठेवली. इंग्रजीत एस भरपूर येतो, तरी सोंगट्या चारच. नाहीतर जो तो पटावरच्या आयत्या शब्दाला एस चिकटवून अनेकवचन करत बसला असता. अक्षरं कुठवर मोजायची आणि कुठे आपला निर्णय घ्यायचा, हे त्याला नेमकं कळलं होतं.

पहिल्या रूपात पट नव्हता आणि नाव होतं लेक्सिको. पुढे पट आला, नाव क्रिस-क्रॉस वर्ड्स झालं. खेळ काढणाऱ्या कंपन्यांनी तो नाकारला. 1948 साली जेम्स ब्रुनो याने तो हाती घेतला, स्क्रॅबल हे नाव नोंदवलं आणि कनेटिकटमधल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत संच तयार करायला घेतले. पहिली काही वर्षं तोट्यात गेली आणि मग 1952च्या सुमारास मागणी एकाएकी इतकी वाढली की संच पुरेनात.

आता खेळणाऱ्यांपुढे नवीनच अडचण उभी राहिली. शब्दकोश एकाच प्रश्नाला उत्तर देतो: या अक्षराने सुरू होणारे शब्द कोणते? पट्टीवर सात सोंगट्या लावून बसलेल्याला विचारायचं असतं ते वेगळंच. ही अक्षरं पोटात असलेले शब्द कोणते? पहिलं अक्षर कोणतं, हे तर त्यालाच शोधायचं असतं. अठराव्या शतकात जॉन वॉकरने यमकं जुळवणाऱ्यांसाठी शेवटच्या अक्षरांकडून लावलेला कोश केला होता. पण शब्दाच्या पोटात शिरणारा कोश कसा लावायचा?

यावर जो तोडगा निघाला तो इतका साधा आहे की पहिल्यांदा कळला तेव्हा मी वही काढून बसले. शब्दातली अक्षरं वर्णक्रमाने लावायची. स्टॉपची होतात ओ, पी, एस, टी. स्पॉटची तीच, पोस्टचीही तीच. पॉट्स, टॉप्स, ऑप्ट्स हेही त्याच चार अक्षरांखाली येतात. एका पाटीखाली सहा शब्द! सगळ्या कोशाला अशा पाट्या लावल्या आणि त्या पाट्या क्रमाने मांडल्या की हातातली अक्षरंही तशीच लावायची आणि थेट त्या जागी जायचं. संगणकवाल्यांत जॉन बेंटलीने ही रीत आपल्या पुस्तकात समजावून सांगितली, आणि स्पर्धेत उतरणारे खेळाडूही शब्द पाठ करतात ते याच क्रमाने. 1988 साली अँड्र्यू ॲपेल आणि गाय जेकबसन यांनी सगळा कोशच एका जाळ्यासारखा विणला. सारख्या सुरुवातीचे आणि सारख्या शेवटाचे शब्द त्यात एकाच वाटेने जातात, त्यामुळे यंत्राला पटावरची चाल क्षणात सापडते.

मराठीत हे करू गेलं की हात अडखळतो. ‘कविता’मधली अक्षरं क, वि, ता अशी तीन धरली तर त्यातून ‘विकता’ निघतं. पण संगणक वेलांटी आणि काना वेगळे साठवतो. त्याने पाच तुकडे क्रमाने लावले की काना आणि वेलांटी शेवटी नुसत्याच लोंबकळत राहतात. आपल्या सोंगट्या कापायच्या कशा, हे आधी ठरवावं लागेल.

इंग्रजीत सगळ्यांना छळणारी सोंगटी क्यू. इंग्रजी शब्दात तिच्यामागे सहसा यू लागतोच आणि यू हाताशी नसला की दहा गुण पट्टीवर तसेच पडून राहतात. म्हणून खेळाडू यूवाचून क्यू असलेल्या शब्दांची यादी बाळगतात. ती यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा तिच्यात फकीर भेटला, बुरखा भेटला, तलाक भेटला. आपल्याकडे ‘क’ आणि ‘ख’ झालेला अरबी ‘क़ाफ’ इंग्रजीने क्यू लिहून जपला आहे. स्क्रॅबलच्या कॉलिन्स शब्दयादीत पेशवाही चालतो आणि मुंगूस तर मराठीतूनच तिकडे गेलेलं. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राचं पान मोजून क्यू इतका महाग ठरला, आणि तो पटावर लावून द्यायला आमचा फकीर जातो. पाच अक्षरं, सतरा गुण.