‘स्प्रे’ नौकेची डोलकाठी

समुद्रावर मनुष्य लाटांना भितो. परंतु त्या लाटांशीं नौका झुंजते ती दोर, कप्प्या आणि कड्या अशा क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूंच्या बळावर. शिडांत भरलेला वारा डोलकाठीला एकसारखा ओढीत असतो. तिला ताणून धरणारे दोर जुने झाले कीं, नौकेचा सांगाडा कितीही भक्कम असला तरी तिचा भरंवसा राहत नाहीं. एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला दर्यावर्दी कॅप्टन जोशुआ स्लोकम याला हा धडा घर जवळ आलें असतांना मिळाला.

१८९२ सालीं त्याच्या हातीं आलेली ‘स्प्रे’ ही अमेरिकेंतील फेअरहेवन गांवच्या एका शेतांत टेकू देऊन ठेवलेली म्हातारी नौका होती. लांबी अवघी ३६ फूट ९ इंच. स्लोकमनें तिच्या तळाचा कणा, फासळ्या आणि फळ्या एकामागून एक बदलल्या; स्प्रूस लांकडाची डोलकाठी तळाशीं घट्ट रोवली. यांत १३ महिने आणि ५५३ डॉलर ६२ सेंट खर्ची पडले.

२४ एप्रिल १८९५ रोजीं तो बोस्टनहून निघाला. मोरोक्कोच्या किनाऱ्याजवळ चांचे पाठीस लागले असतां शिडाखालची आडवी काठी मोडली. तेवढ्या अनुभवावरून एकट्या माणसाला मोठें शीड जड जातें हें त्यानें ओळखलें. ब्वेनोस आयर्स येथें त्यानें डोलकाठी ७ फुटांनीं व नाळेपुढची काठी सुमारें ५ फुटांनीं तोडली. ही दुसरी आणखी एक फूट तोडली असती तर बरें झालें असतें, असें त्याला पुढें वाटलें. नंतर मॅजेलनच्या सामुद्रधुनींत त्यानें मागील बाजूस एक लहान शीड चढविलें. दक्षिणेकडील वादळांत मोठ्या शिडाच्या चिंध्या झाल्या, तेव्हां ठिगळें लावून त्यानें काम भागविलें. सिडने येथें त्याला नवीं शिडें भेट मिळालीं. दोर मात्र झिजतच होते.

जून १८९८ मध्यें, घर कांहीं दिवसांच्या अंतरावर असतां, प्रथम मोठें शीड आवरणाऱ्या दोराचा पट्टा तुटला, मग वरच्या काठीची कप्पी निखळली. २० जूनच्या सकाळीं पुढचें शीड ज्या दोरावर चढवितात तो दोर डोलकाठीच्या माथ्याशींच तुटला आणि शिडासह समुद्रांत पडला. पहिल्याच लाटेसरशीं स्लोकमनें शीड ओढून घेतलें. आधार गेलेली डोलकाठी बोरूसारखी डुलत होती, आणि ५४ वर्षांच्या त्या माणसाला तीवरच चढणें प्राप्त होतें. सुदैवानें जादा कप्प्या व दोर नौकेवर होते. दोन कप्प्यांतून दोर ओवून त्यानें नवा ताण बांधला, आणि आंखडलेलें शीड पुन्हां वाऱ्यानें फुगलें. काठीचा पाया पक्का होता म्हणूनच ती तोंवर उभी राहिली.

२५ जूनला न्यूयॉर्कजवळ आणखी एक प्रचंड वादळ आलें. नौका त्यांतूनही निभावली. २७ जून १८९८ रोजीं, ४६,००० मैलांहून अधिक प्रवास करून, ती न्यूपोर्ट बंदरांत शिरली. डोलकाठी सावरल्यास तेव्हां सातच दिवस झाले होते.