सूप, कणगी आणि कागदाची गिरणी

बालाघाटाच्या डोंगररांगा उतरत उतरत जिथे गोदाकाठच्या काळ्या जमिनीला येऊन मिळतात, तिथे नदीच्या दक्षिण तीरावर वसलेल्या गंगाखेडची कीर्ती मराठी मुलखात दोन कारणांनी पसरलेली आहे: संत जनाबाईचे ते जन्मस्थान, आणि अस्थिविसर्जन, श्राद्ध व पर्वकाळचे स्नान यांसाठी लोक ज्याला ‘दक्षिण काशी’ म्हणतात ते हे क्षेत्र. (खवय्यांच्या लेखी तेथील कलाकंद हे तिसरे कारण, आणि कदाचित पहिलेही.) परंतु क्षेत्रामागोमाग पेठ येते, आणि पेठेमागोमाग, घाटावरच्या पिंडदानाला लागणाऱ्या दर्भापासून खळ्यावर लागणाऱ्या पाटीपर्यंत नाना जिन्नस करणारे आणि विकणारे लोक येतात. त्यांपैकी वेळूकाम करणारे बुरूड आणि काड्यांच्या पाट्या विणणारे कैकाडी यांच्याविषयी, गोदाकाठच्या या टापूचे एकही घर त्यांच्या हातच्या वस्तूवाचून कधी चालले नसताना, लिहून ठेवलेले फारच थोडे सापडते.

याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. जमीन महसूल देते, म्हणून तिच्या सनदा, पाहण्या आणि तंट्यांचे निवाडे रुमालांत बांधून जतन होतात. बुरुडाची पाटी तीन-चार पावसाळे काढते, कडेला उसवते, मग तीत शेण भरले जाते, आणि शेवटी ती न्हाणीच्या चुलीत जाते. तांबट-कासारांची भांडी आजीकडून नातीकडे येतात, कुंभाराचे खापर जमिनीत दोन हजार वर्षे टिकते. वेळूला मात्र वाळवी आणि अग्नी या दोन वाटांवाचून तिसरी वाट नाही. जनाबाईच्या आख्यायिकांत जाते आहे, शेणी आहेत, त्या शेणींवरून झालेले भांडणही आहे. पण त्या शेणी ज्या पाटीत वाहिल्या असतील ती कोणी विणली, हे विचारण्याचे कारण कोणाही संतचरित्रकाराला पडले नाही.

तरीही एक जुना पुरावा आहे, आणि तो असा काही विलक्षण आहे की या धंद्याच्या पुढील अवस्थेशी त्याचा मेळ घालताना मन थबकते. जुन्नरच्या लेण्यांत सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहेत. त्यांपैकी एकात ‘वसकार’ म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांच्या, आणि ‘कासकार’ म्हणजे काशाची भांडी करणाऱ्यांच्या श्रेणीकडे धर्मादायाची रक्कम सोपवून तिच्या दरमहाच्या उत्पन्नाची तजवीज केल्याचा उल्लेख आहे. म्हणजे ज्या राजवंशाची राजधानी गंगाखेडच्या वरच्या अंगाला याच गोदावरीवर, पैठणास होती, त्याच्या काळात वेळू विणणाऱ्यांची संघटना इतकी पतदार होती की दात्याने कायमची ठेव निर्धास्तपणे तिच्या हवाली करावी! त्यांचेच व्यवसायबंधू पुढे ठेकेदाराची उचल घेतल्यावाचून बांबूची मोळी घरी आणू शकेनासे झाले, हे त्या शिलालेखाशेजारी ठेवून वाचावे.

बाराव्या शतकात, कल्याणच्या बसवेश्वरांच्या शरणमंडळात मेदार केतय्या नावाचे एक वेळूकाम करणारे शरण होऊन गेले. वेळूच्या पेरात सोने निघाले तरी ते आपल्या कष्टाचे नव्हे म्हणून त्यांनी टाकून दिले, अशी त्यांची आख्यायिका सांगतात, आणि महाराष्ट्रातील बुरूड समाजातही त्यांचे स्मरण श्रद्धेने केले जाते. कल्याण आणि गंगाखेड ही दोन्ही ठिकाणे पुढे निजामाच्या एकाच अमलाखाली होती. तेलंगणातील मेदरी, कर्नाटकातील मेदार आणि मराठवाड्यातील बुरूड हे त्या दौलतीच्या तीन भाषांत विभागलेले एकच काम करीत.

गावगाड्यात बुरुडाचे स्थान चमत्कारिक होते. सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांच्याप्रमाणे बारा बलुत्यांत त्याची गणना नव्हती, आणि म्हणून खळ्यावर हक्काची पेंढी मागण्याचा त्याला अधिकार नव्हता. त्याने माल करावा, बाजारात किंवा दारोदार न्यावा, आणि रोखीने वा धान्याने जे मिळेल ते घ्यावे. यामुळेच त्याची वस्ती लहान खेड्यात क्वचित आणि बाजारपेठेच्या गावी अधिक. कैकाडी तर त्याहूनही मोकळे, किंवा खरे सांगायचे तर त्याहूनही निराधार. गाढवांवर बिऱ्हाड लादून ते गावोगाव हिंडत. दोघांच्या मालात जो भेद होता तो मूळ सामग्रीचा: बुरूड विकतचा वेळू चिरणार, तर कैकाडी निर्गुडी, तरवड, तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या अशा बांधावर आणि रानात फुकट किंवा मोलमजुरीच्या बदल्यात मिळणाऱ्या काड्यांवर हात चालवणार. कापूस आणि तूर पिकवणाऱ्या या प्रदेशात शेतकऱ्याने टाकून दिलेल्या काड्यांतून त्यालाच पुन्हा विकता येईल अशी पाटी निर्माण करणे, ही केवढी काटकसरीची अर्थव्यवस्था होती! आणि तिचे बक्षीस काय, तर गुन्हेगार जमातींच्या कायद्यात नाव. तो कलंक कागदोपत्री पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सुपासाठी वेळू निवडताना तो सरळ, लांब पेरांचा आणि मुख्य म्हणजे ओला असावा लागतो. वाळलेला बांबू कोयत्याखाली फुटतो पण चिरत नाही, आणि त्याची चोई वाकवताच मोडते. कारागीर बुंध्याच्या टोकाला कोयत्याचा एकच घाव घालतो, आणि मग पाते थोडे थोडे पुढे सारीत, गाठ आली की मनगटाला हिसका देत, सबंध वेळू उभा दुभागून टाकतो. दोनाच्या चार, चाराच्या आठ अशा कांबी झाल्या की सुरीने प्रत्येक कांबीची पाठ आणि गाभा वेगळा केला जातो. हिरवी पाठ चिवट, म्हणून ती काठाला, दोराला आणि जिथे घास बसेल तिथे. पांढरा गाभा ठिसूळ, म्हणून तो हलक्या टोपल्यांना. पुढे विणकाम बहुधा बायकांचे. पायाच्या अंगठ्याखाली उभ्या चोया दाबून धरून आडव्या चोया एक सोडून एक, किंवा दोन सोडून दोन अशा घालीत जायचे, तीन बाजूंना काठ वर वळवायचा, चौथी बाजू मोकळी ठेवायची, आणि काठावर जाड कामटी बसवून तिला बारीक पट्टीने शिवून घ्यायचे. एवढे झाल्यावर बाजारातून आणलेले सूप घरात लगेच वापरीत नसत. भिजवून वाटलेली मेथी आणि कागदाचा लगदा, किंवा नुसते शेण, त्याला आतून-बाहेरून सारवून उन्हात वाळवीत, कारण विणीच्या फटींतून तीळ आणि राजगिरा निसटून जातो.

असे तयार झालेले सूप हाती घेतलेली बाई त्याच्याकडून तीन निरनिराळी कामे करून घेते: पाखडून ती कोंडा उडवते, घोळून खडे एका कोपऱ्यात आणते, आणि हलक्या झटक्याने पोचट दाणे काठाशी आणून फेकते. धातूचे वा अन्य कशाचेही यंत्र ही तिन्ही कामे एकाच पत्र्यावर करीत असल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. खळ्यावर उपणणीला पाटी, घरी आणायला टोपले, साठवायला कणगी, रोजच्या भाकरीसाठी दुरडी, तांदूळ धुवायला रोवळी, कोंबड्या झाकायला डालगे, उन्हाळ्यात दाराला तट्ट्या: ज्वारीच्या एका दाण्याने कणसातून सुटल्यापासून तव्यावर पोचेपर्यंत जो प्रवास करायचा, त्याचा जवळजवळ प्रत्येक मुक्काम विणलेल्या भांड्यात होता. त्यांतली कणगी ही तर छोटी इमारतच. पुरुषभर उंचीची, पोटात फुगलेली, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली आणि तळाशी कडुनिंबाचा पाला घातलेली. ज्याच्याकडे पेव खणण्याइतके धान्य नव्हते अशा मध्यम कुणब्याची सगळी पत तिच्यात मावत असे.

संस्कारांतही वेळू सर्वत्र आहे. नवजात मूल सुपात ठेवायचे. महालक्ष्म्यांचे मुखवटे सुपातून घरात आणायचे. लग्नात वरमातेला द्यायचे ऐरणीचे दान वेळूच्या पात्रातच द्यायचे. दिवाळीत अलक्ष्मी हाकलायची ती सूप वाजवून. तुळजाभवानीच्या आराध्यांची परडीही बुरुडाच्याच हातची. धोंड्याच्या महिन्यात गोदास्नानाला लोटणाऱ्या गर्दीला वाणासाठी दुरड्या लागतात, आणि शेवटची तिरडीही वेळूचीच बांधतात. गंगाखेडसारख्या क्षेत्री बुरुडाचा धंदा ऋतुमानाप्रमाणे अगदीच बसत नसे, याचे श्रेय शेतकऱ्याइतकेच यात्रेकरूला द्यावे लागेल. वेताविषयी मात्र थोडक्यातच सांगता येते. दख्खनच्या पठारावर वेत उगवत नाही. तो दुरून येई, महाग पडे, म्हणून कचेरीतील साहेबाच्या खुर्चीची बैठक, श्रीमंतांच्या हातची काठी आणि पंतोजींची छडी यांपलीकडे त्याचा शिरकाव झाला नाही.

वेळूही गंगाखेडच्या शिवारात फारसा नव्हता. मराठवाड्यातील बुरुडांची मदार माहूर-किनवटच्या आणि त्यापलीकडील आदिलाबादच्या जंगलावर होती; किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत होता. आणि येथेच या कथेला तो फाटा फुटतो, ज्याची चर्चा क्वचितच होते. प्लास्टिकने बुरुडाला मारले, असे आपण सर्रास म्हणतो. प्लास्टिकच्या बादल्या आणि घमेली खेड्यांत पोचण्याच्या कितीतरी आधी, १९३८ साली, निजामाच्या राज्यात सिरपूर येथे कागदाची गिरणी स्थापन झाली, आणि १९४५ साली चांद्याच्या जंगलालगत बल्लारपूरची. या गिरण्यांचे मुख्य खाद्य बांबू. जंगलाचा बांबू गिरण्यांना दीर्घ मुदतीच्या कराराने आणि नाममात्र दराने देण्याची जी रीत देशभर पडली, तिचा सर्वांत बोलका हिशेब डॉ. माधव गाडगीळ यांनी कर्नाटकातील बांबूचा अभ्यास करून मांडला. तेथे १९५८ च्या सुमारास दांडेलीच्या गिरणीला टनाला दीड रुपया या दराने बांबू देण्याचे ठरले होते, आणि बाजारात टोपल्या विणणाऱ्याला पडणारा भाव त्याच्या शेकडो पटींनी अधिक होता. गिरणीला वाळका, वाकडा, कोवळा, जून कसलाही वेळू चालतो, कारण त्याचा शेवटी लगदाच व्हायचा असतो. बुरुडाला त्यांतला निवडक, ओला आणि सरळच लागतो. एकाने बेट साफ केले की दुसऱ्याला निवडीला जागा उरत नाही, हे समजायला वनशास्त्राची पदवी लागत नाही.

कायद्यानेही त्यात भर घातली. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात, जो पुढे मराठवाड्यालाही लागू झाला, गवताच्या कुळातील बांबूची गणना वृक्षांत केलेली होती. म्हणून तो तोडायला परवाना, वाहायला परवाना, आणि नाक्यानाक्यावर नाकेदाराची मर्जी. मग मळणीयंत्र आले आणि उपणणीची पाटी गेली. पत्र्याच्या कोठ्या आल्या आणि कणगी गेली. प्लास्टिकने उरलीसुरली टोपली नेली. हा क्रम नीट ध्यानात घेतला पाहिजे. कच्चा माल आधी महागला, गिऱ्हाईक नंतर सुटले.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने वनहक्क कायद्याच्या आधारे २०११ साली आपल्या जंगलातील बांबूवर ग्रामसभेचा अधिकार प्रस्थापित केला, आणि २०१७ साली दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर वाढलेला बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला. दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या. पण पहिलीचा लाभ जंगलालगतच्या गावाला आणि दुसरीचा ज्याला बांध आहे त्या शेतकऱ्याला. गंगाखेडच्या बुरुडाजवळ जंगलही नाही आणि बांधही नाही. सरकार त्याला शोभेच्या वस्तू आणि दिव्यांच्या झुंबरांचे प्रशिक्षण देऊ करते, ते अवश्य द्यावे. परंतु सूप ज्याला विणता येते त्याला शिकवायचे फार थोडे उरलेले असते. वनखात्याच्या आगारातून ओला, निवडीचा वेळू सवलतीच्या दराने तालुक्याच्या ठिकाणापर्यंत नियमाने पोचवावा, एवढे आधी करावे, आणि प्रशिक्षणाचे मग पाहावे.