लाँचर : डेस्कटॉप संगणकावरील

संगणकावर बसवलेल्या प्रोग्रामांपैकी नेहमी लागणारे प्रोग्राम हाताशी मांडून ठेवण्याची आणि त्यांतील हवा तो एका कृतीत सुरू करून देण्याची सोय म्हणजे लाँचर होय. स्टार्ट मेन्यू, टास्कबार, डॉक, पडद्यावरील आयकॉन आणि नाव टंकताच प्रोग्राम शोधून देणारी चौकट ही या सोयीची परिचित रूपे आहेत. लाँचरमध्ये प्रोग्राम स्वतः नसतो. प्रोग्रामची मूळ फाइल डिस्कवर कोठे आहे, ती कशी चालवायची आणि तिच्यासाठी कोणते चित्र दाखवायचे, एवढाच तपशील टिपलेली एक छोटी फाइल तेथे असते. विंडोजमध्ये तिला शॉर्टकट म्हणतात, तर मॅकमध्ये याच कामाला एलियस असतो. म्हणूनच पडद्यावरील आयकॉन पुसला तरी प्रोग्राम संगणकावर जसाच्या तसा राहतो आणि उलटपक्षी शॉर्टकट पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर नेला, तर तेथे तो प्रोग्राम त्याच जागी बसवलेला नसल्यास काहीच उघडत नाही.

लाँचरची गरज डेस्कटॉपच्या कल्पनेतून आपोआप उद्भवलेली नाही. झेरॉक्स कंपनीच्या १९८१ मधील स्टार या संगणकावर पडद्यावर कागदपत्रे, फोल्डर, टपालाच्या पेट्या आणि प्रिंटर यांची चित्रे होती. वापरणारा कागदपत्र उघडत असे आणि त्यासाठी लागणारा प्रोग्राम मागच्या मागे कामाला लागत असे. प्रोग्राम ही सुटी विकली जाणारी वस्तू झाल्यावर मात्र ‘काय लिहायचे’ याच्या आधी ‘कशात लिहायचे’ हे ठरवणे भाग पडले. एमएस-डॉसच्या काळात त्यासाठी प्रोग्रामचे नाव बिनचूक टंकावे लागे, आणि ज्यांना ते जमत नसे त्यांच्यासाठी जाणकार मंडळी बॅच फाइल लिहून पडद्यावर क्रमांकांची यादी उमटवून देत. आवडत्या प्रोग्रामांची हाताने मांडलेली ही साधी यादीही लाँचरच होती.

मे १९९० मध्ये आलेल्या विंडोज ३.० मधील प्रोग्राम मॅनेजरने हे काम आयकॉनांच्या गटांवर सोपवले, परंतु गटाच्या पोटात दुसरा गट ठेवता येत नसल्यामुळे पडदा छोट्या खिडक्यांनी भरून जाई. ऑगस्ट १९९५ मधील विंडोज ९५ च्या स्टार्ट मेन्यूने ही मर्यादा काढली. हा मेन्यू म्हणजे प्रत्यक्षात डिस्कवरचे एक फोल्डर होते आणि त्यात नवे उपफोल्डर करून शॉर्टकट टाकले की मेन्यूची फेररचना होत असे. ही मोकळीक वापरणाऱ्यांपेक्षा सॉफ्टवेअर कंपन्यांनीच अधिक उपभोगली. प्रोग्राम बसवताना प्रत्येक कंपनी स्वतःच्या नावाचे फोल्डर करून त्यात प्रोग्राम, मदतपुस्तिका, संकेतस्थळाचा दुवा आणि प्रोग्राम काढून टाकण्याची सोय असे सारे बिऱ्हाड मांडू लागली. परिणामी मेन्यूची रचना कामानुसार होण्याऐवजी उत्पादकांच्या नावांनुसार होत गेली. डेस्कटॉपवर न विचारता येऊन बसणारे आयकॉन हा त्याच प्रवृत्तीचा भाग होय. विंडोज एक्सपीमध्ये तर दर ६० दिवसांनी न वापरलेले आयकॉन आवरून ठेवण्याचा सल्ला देणारी सोय घालावी लागली. २००९ मधील विंडोज ७ मध्ये टास्कबारवर प्रोग्राम कायमचा लावण्याचा, म्हणजे पिन करण्याचा, निर्णय मायक्रोसॉफ्टने हेतुपुरस्सर वापरणाऱ्याकडे ठेवला आणि प्रोग्रामांना स्वतःला तेथे पिन करून घेण्याचा अधिकृत मार्ग दिला नाही. आवडता प्रोग्राम कोणता हे प्रोग्रामने ठरवू नये, हा त्यामागील विचार उशिरा सुचला असला तरी योग्यच होता.

डॉकची परंपरा वेगळी आहे. नेक्स्ट कंपनीच्या नेक्स्टस्टेप प्रणालीत पडद्याच्या उजव्या कडेला आयकॉनांचा उभा पट्टा होता. ॲपलने नेक्स्ट विकत घेतल्यानंतर मार्च २००१ मधील मॅक ओएस टेनमध्ये तो नव्या रूपात पडद्याच्या तळाशी आला. सुरू करायचे प्रोग्राम आणि चालू असलेले प्रोग्राम अशी दोन प्रकारची माहिती डॉक एकाच ओळीत दाखवतो व चालू प्रोग्रामखाली बारीक खूण करतो. विंडोज ७ च्या टास्कबारनेही हीच रीत उचलली. पट्टा कडेला ठेवण्यास शास्त्रीय आधार आहे. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार एखाद्या लक्ष्यापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ त्याचे अंतर आणि आकार यांवर अवलंबून असतो, आणि माउसचा बाण पडद्याच्या कडेपलीकडे जातच नसल्यामुळे कडेला टेकलेले लक्ष्य हाताला प्रत्यक्षाहून बरेच मोठे भासते.

परंतु वेगापेक्षाही महत्त्वाची गोष्ट स्थानाची आहे. रोज वापरायच्या प्रोग्रामचे चित्र माणूस दर वेळी ओळखून निवडत नाही. हात सवयीने त्या जागी जातो. ती जागा बदलली की सवय निरुपयोगी होते. डॉक मध्यभागी धरलेला असल्यामुळे एक नवा प्रोग्राम उघडताच बाकीचे सारे आयकॉन थोडेथोडे सरकतात. ॲपलचे एके काळचे आंतरपृष्ठ-रचनाकार ब्रूस टोग्नाझिनी हे डॉकचे कठोर टीकाकार ठरले. ऑक्टोबर २०२१ मधील विंडोज ११ ने टास्कबारवरील आयकॉन मध्यभागी आणून तोच दोष पत्करला, मात्र ते डावीकडे नेण्याची मुभा ठेवली. वापराच्या वारंवारतेनुसार यादी आपोआप बदलणे हा उपायही याच कारणाने फसवा आहे : विंडोज एक्सपीच्या स्टार्ट मेन्यूतील अशा यादीत काल तिसरा असलेला प्रोग्राम आज पाचवा असू शकत असे. ज्यांना माउसही नको असतो त्यांना पिन केलेल्या क्रमाचा दुसरा लाभ मिळतो, कारण विंडोज ७ पासून विंडोज कळ आणि १ ते ९ पैकी एक अंक दाबला की टास्कबारवरील त्या क्रमांकाचा प्रोग्राम उघडतो; अर्थात क्रम बदलला की अंकही बदलतो.

क्वचित लागणाऱ्या प्रोग्रामांसाठी नाव टंकणे हाच सोयीचा मार्ग ठरला आहे. नेक्स्टस्टेपवर १९९६ च्या सुमारास सुरू झालेला लाँचबार आणि २००३ मधील मॅकवरील क्विकसिल्व्हर यांनी दोन-तीन अक्षरांवरून प्रोग्राम ओळखण्याची व निवडीवरून शिकत जाण्याची पद्धत रूढ केली. एप्रिल २००५ मध्ये मॅकमध्ये स्पॉटलाइट आले आणि त्यानंतर विंडोज व्हिस्टाच्या स्टार्ट मेन्यूतही शोधचौकट दाखल झाली. याउलट पडदाभर आयकॉन पसरवण्याचे प्रयोग टिकले नाहीत. विंडोज ८ ची स्टार्ट स्क्रीन तीन वर्षांत मागे घेतली गेली, तर २०११ पासून मॅकमध्ये असलेले लाँचपॅड २०२५ च्या आवृत्तीत काढून टाकण्यात आले.

लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्रामची नोंद ‘डेस्कटॉप’ हे विस्तारनाम असलेल्या साध्या मजकूर-फाइलीत असते आणि तीत नाव, चालवायचा आदेश, आयकॉन व वर्ग यांच्या ओळी असतात. नावाची ओळ भाषेगणिक वेगळी देता येते. ‘एमआर’ या मराठीच्या संकेताने लिहिलेली ओळ असल्यास मराठी पडदा निवडणाऱ्यास ते नाव देवनागरीत दिसते व शोधताही येते. जेथे असे नाव दिलेले नसते तेथे मराठी कळफलक चालू ठेवून शोधचौकटीत टंकणाऱ्यास देवनागरी अक्षरे उमटूनही रोमन नावाचा प्रोग्राम सापडत नाही, आणि आधी कळफलक बदलावा लागतो. दिवसभर मराठी टंकलेखन करणाऱ्याला म्हणूनच शोधचौकटीपेक्षा पिन केलेला आयकॉन अधिक भरवशाचा वाटतो.

संगणक बदलताना ही मांडणी सोबत नेणे प्रणालीगणिक सोपे वा अवघड असते. ग्नोम या लिनक्सवरील डेस्कटॉपात आवडत्या प्रोग्रामांची क्रमवार यादी एकाच सेटिंगमध्ये साठवलेली असल्यामुळे ती एका आदेशाने उतरवता येते. विंडोजमध्ये पिन केलेले शॉर्टकट एका फोल्डरात आणि त्यांचा क्रम रजिस्ट्री या अंतर्गत नोंदसंग्रहात असल्यामुळे नुसते फोल्डर उतरवून भागत नाही. त्या फोल्डरच्या मार्गात इंटरनेट एक्सप्लोरर व क्विक लाँच ही नावे अजूनही आढळतात, कारण टास्कबारवरील शॉर्टकटांचा पहिला पट्टा १९९७ मध्ये त्या ब्राउझरच्या चौथ्या आवृत्तीसोबत आला होता.