पटावरचे शब्द

सापशिडी ज्ञानेश्वरांनी काढली, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. आम्हा तीर्थपुरीकरांना ते ऐकून बरेच वाटते. ज्ञानदेवांचे आपेगाव आमच्याच गोदाकाठचे. पण ज्ञानदेवांचा काळ १२७५ ते १२९६, आणि या खेळाचे जे जुने हस्तलिखित पट अभ्यासकांच्या हाती आहेत, ते अठराव्या शतकाच्या मागे जात नाहीत. मधल्या चार-साडेचारशे वर्षांचा दुवा कोणी दाखविलेला नाही.

हाच खेळ सूफींनी ‘शतरंज-उल-आरिफीन’ या नावाने खेळला. शंभर घरे, त्यांवर अरबी-फारसी शब्द. सुरुवात ‘अदम’पासून, म्हणजे जिथे अजून काहीच नाही तिथून, शेवट ‘अर्श’, अल्लाहच्या सिंहासनापाशी. दमास्कसचे शेख मुहम्मद अल-हाशिमी यांनी गेल्या शतकात त्यावर भाष्य लिहिले. तिकडे त्याचे श्रेय इब्न अरबींना (मृत्यू १२४०) देतात. पुरावा तिथेही नाही. गंमत पाहा, दोन्हीकडे तेरावे शतक आणि दोन्हीकडे एकेक थोर पुरुष! मालकीचा दस्त शोधू गेलो तर हाती श्रद्धाच लागते.

मला मात्र वेगळेच कुतूहल आहे. छापील पट नव्हते तेव्हा हा खेळ इतका लांब गेला कसा? पट कागदावर किंवा कापडावर हाताने आखलेला असे. घडी घातली की सामानात मावे. ज्याला आवडला तो नक्कल करून घेई, आणि नक्कल करताना साप-शिड्यांची कल्पना ठेवून घरांतली नावे आपल्या श्रद्धेची लिही. म्हणून जैन पट बहुधा ८४ घरांचा, वैष्णव पट ७२ घरांचा. १२४ घरांचेही आहेत. कंपनी सरकारचा अधिकारी रिचर्ड जॉन्सन याने लखनौला १७८०च्या सुमारास एक पट काढवून घेतला. तो आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. पेशवाई बुडाल्यावर पुण्याचा कलेक्टर झालेल्या रॉबर्टसनने १८३१ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला असाच एक पट दिला. पुढे १८९०च्या दशकात विलायतेत खेळ छापून विकला जाऊ लागला. आधी त्यात सद्गुण-दुर्गुणांची चित्रे होती. हळूहळू तीही गेली. आपल्या बाजारात मिळतो तो नुसत्या आकड्यांचा.

आकडे आले आणि शब्द गेले, हे शिक्षक म्हणून मला खटकते. आमच्या उर्दू वर्गात मी मुलांकडून शब्दांचा पट काढून घेतला. ‘सब्र’ शिडीच्या पायथ्याशी, ‘गीबत’ सापाच्या तोंडी. त्याची एक प्रत लातूरकडच्या एका शिक्षक-मित्राला पोस्टाने पाठविली. महिन्याभराने त्याच्या मुलांनी केलेली नक्कल आली. तीन घरे बदललेली होती, आणि सर्वांत लांब सापाच्या तोंडी लिहिले होते, ‘कॉपी’.