लाळेच्या घरट्याचा लाल रंग

जगातील अतिशय महाग खाद्यपदार्थांपैकी एक म्हणजे एका पक्ष्याची वाळलेली लाळ, असे वर्गात सांगितले तर मुले नाक मुरडतील. पण मधमाशीच्या पोटातून आलेला मध आपण चाटून खातोच. किळस हा बराचसा सवयीचा भाग आहे. खरी नवलाची गोष्ट वेगळी आहे. चीनमध्ये निदान सोळाव्या-सतराव्या शतकापासून ही घरटी खाल्ली जात आहेत. ती कशाची बनतात हे मात्र खाणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना नीट माहीत नव्हते. या अज्ञानाचा एक धागा तर थेट २०११ सालापर्यंत येतो.

घरटे बांधणारा पक्षी पाकोळीच्या कुळातला. चिनी भाषेत आणि जुन्या युरोपीय लेखनात त्याला भिंगरी म्हटले गेले, पण भिंगरीचा आणि पाकोळीचा संबंध केवळ दिसण्यापुरता आहे. आग्नेय आशियातील काळोख्या गुहांत, उदाहरणार्थ सारावाकमधील निया किंवा सबाहमधील गोमांतोंग येथे, या पाकोळ्या हजारोंच्या संख्येने राहतात. अंधारात टक्-टक् असा आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवरून त्या वाट काढतात. वटवाघळाचा आवाज आपल्या कानांना सहसा ऐकू येत नाही, पाकोळीचा मात्र येतो. विणीच्या हंगामात जिभेखालच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या चिकट लाळेचे धागे खडकावर एकावर एक चढवत पक्षी साधारण महिनाभरात वाटीच्या फोडीसारखे घरटे तयार करतो. एका जातीचे घरटे जवळजवळ शुद्ध लाळेचे, म्हणून पांढरे. दुसरीच्या घरट्यात पिसे मिसळलेली, म्हणून काळे.

आपल्या पश्चिम घाटात आणि किनाऱ्यावरही या गटातील भारतीय पाकोळी आढळते. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातील खडकाळ बेटांवर तिची मोठी वसाहत आहे. तिच्या घरट्यात लाळेबरोबर पिसे आणि वनस्पतींचे तंतूही असतात, त्यामुळे त्याला भाव कमी. तरीही ती घरटी चोरीला जात होती आणि त्यांच्या रक्षणासाठी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेला तिथे काम करावे लागले.

घरटे कशाचे, या प्रश्नाचा इतिहास पक्ष्यांच्या शास्त्रीय नावांतच गोठून राहिला आहे. कोणी म्हणे समुद्राचा फेस, कोणी म्हणे समुद्रशेवाळ. लिनियसने १७५८ साली एका पाकोळीला ‘एस्क्युलेन्टा’, म्हणजे खाण्याजोगी, असे नाव दिले. गंमत अशी की त्या जातीचे घरटे खाल्ले जात नाही, ते प्रामुख्याने वनस्पतींच्या तंतूंचे असते. १८१२ साली थुनबर्गने पांढरे घरटे बांधणाऱ्या जातीचे नाव ‘फ्युसिफॅगा’ ठेवले. त्याचा अर्थ शेवाळ खाणारी. हा पक्षी उडता उडता कीटक पकडतो, शेवाळाला तोंडही लावत नाही, पण नामकरणाच्या नियमांमुळे चूक कायम झाली आहे. विज्ञानात चूक दुरुस्त होते हे खरे, तिच्या नावाची पाटी मात्र कधी कधी उतरत नाही.

१८१७ साली लंडनच्या एव्हरार्ड होम या शल्यविशारदाने पक्ष्याचे विच्छेदन करून सांगितले की घरट्याचा पदार्थ जठरातील ग्रंथींतून येतो. शेवाळाची कल्पना सोडून त्याने शरीराच्या आत शोध घेतला, ही दिशा योग्य होती, फक्त ग्रंथी चुकल्या. जावामध्ये वैद्यकी करणाऱ्या हाइनरिख बर्नश्टाइन याने हा पदार्थ लाळग्रंथींचाच असल्याचे दाखवले. त्याचा लेख १८५९ सालचा. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये डार्विननेही निव्वळ लाळेचे घरटे बांधणाऱ्या पाकोळीचे उदाहरण घेतले आहे.

पुढचा प्रश्न, लाळेत आहे काय? चीनमधून अमेरिकेत शिकायला गेलेल्या वांग ची-चे या स्त्री-रसायनशास्त्रज्ञाने शिकागोत त्यावर काम केले. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार घरट्यात प्रथिन भरपूर, पण पोषणाच्या दृष्टीने ते हलक्या प्रतीचे. आपल्या संस्कृतीत अमृतासमान मानलेल्या पदार्थाविषयी हे लिहायला धैर्य लागले असणार. घरट्यात सुमारे ६० टक्के प्रथिन आणि पाव भागाहून थोडी जास्त कर्बोदके असतात. त्यात दहा टक्क्यांच्या आसपास सायलिक आम्ल असते. हे नावच ग्रीक भाषेतील ‘लाळ’ या शब्दावरून आले आहे. इन्फ्लुएन्झाचा विषाणू पेशीवरील सायलिक आम्लालाच चिकटतो. त्यामुळे परीक्षानळीत घरट्याचा अर्क विषाणूला अडवतो यात आश्चर्य नाही. मात्र पचनसंस्थेतून गेलेली खीर फुफ्फुसात तेच करील, असे त्यातून सिद्ध होत नाही. जाहिराती ही पायरी सोयीस्करपणे गाळतात.

घरटे शिजवण्याची रीत जुनी आहे. ‘हुंगलौमंग’ या अठराव्या शतकातील चिनी कादंबरीत खोकल्याने खंगलेल्या नायिकेला तिची आप्त खडीसाखर घालून केलेली घरट्याची पेज रोज घ्यायला सांगते. आजही क्रम तसाच आहे. सुके घरटे काही तास पाण्यात भिजवायचे. ते फुगून मऊ झाले की चिमट्याने एकेक पीस वेचायचे, धागे मोकळे करायचे, पाणी ओतून पुन्हा धुवायचे. मग झाकणाच्या भांड्यात खडीसाखर घालून, ते भांडे उकळत्या पाण्यात ठेवून मंद शिजवायचे. शिजल्यावर त्याला स्वतःची अशी चव फारशी नसते. म्हणूनच भेसळ सोपी जाते. भेसळीत वापरल्या जाणाऱ्या पदार्थांत एक आपल्या ओळखीचा आहे. तो म्हणजे कांडोळाच्या झाडाचा डिंक.

आता लाल घरट्याकडे वळू. काही घरटी तांबूस ते विटकरी लाल असतात. लाळ संपली की पक्षी रक्त ओकून घरटे पुरे करतो, अशी समजूत होती, आणि म्हणून या ‘रक्त-घरट्याला’ पांढऱ्यापेक्षा जास्त भाव मिळे. २०११ साली चीनच्या चच्यांग प्रांतात तपासणी झाली, तेव्हा लाल घरट्यांत नायट्राइटचे प्रमाण फार मोठे निघाले. चीनने मलेशियाहून येणारी घरटी बंद केली. पुढे किलोला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा घालून व्यापार पुन्हा सुरू झाला. नायट्राइट जास्त झाले तर रक्तातील हीमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेण्यास असमर्थ होते, म्हणून ही काळजी.

रंगाचे कोडे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी बरेचसे उलगडले. लाल रंगामागे हीमोग्लोबिन नव्हतेच. पांढरे घरटे सोडियम नायट्राइट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या मिश्रणातून निघणाऱ्या वाफेत ठेवले की लाल होई. पाकोळ्यांची विष्ठा मिसळलेल्या मातीच्या वाफेतही तेच घडे. दमट गुहेत किंवा पाकोळ्यांसाठी बांधलेल्या बंद घरात जमिनीवर विष्ठेचा थर कुजतो, जीवाणू त्यातील नायट्रोजनची संयुगे बदलतात आणि वर लटकलेले घरटे ती वाफ शोषते. २०१८ साली सिंगापूरच्या संशोधकांनी दाखवले की यात घरट्याच्या प्रथिनातील टायरोसिन या अमिनो आम्लाला नायट्रो गट जोडला जातो. ही अभिक्रिया आपल्या प्रयोगशाळेत आहेच. अंड्याच्या पांढऱ्या भागावर तीव्र नायट्रिक आम्ल टाकले की पिवळा रंग येतो आणि अमोनिया घातला की तो नारिंगी होतो. (हा प्रयोग शिक्षकांनीच करावा. बोटावर थेंब पडला तर कातडीचे प्रथिनही तसेच पिवळे होते.) म्हणजे गिऱ्हाईक रक्त समजून ज्याचे जादा पैसे मोजत होते, तो विष्ठेच्या वाफेचा रंग होता. नायट्राइट पाण्यात विरघळते. त्यामुळे भिजवणे, पाणी फेकून देणे आणि पुन्हा धुणे या जुन्या रीतीने त्याचा मोठा भाग निघून जातो. लाल रंग मात्र प्रथिनालाच जोडलेला असल्यामुळे धुऊन जात नाही.

धुण्याने न जाणारा आणखी एक धोका आहे. घरटे शक्तिवर्धक म्हणून लहान मुलांना आवर्जून दिले जाते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या सिंगापूरच्या एका रुग्णालयातील पाहणीत, अन्नामुळे तीव्र ॲलर्जी होऊन आलेल्या मुलांपैकी सुमारे २७ टक्के मुलांच्या बाबतीत कारण हे घरटे होते. कोळंबी-खेकड्यांचा क्रमांक त्याच्यानंतरचा. ॲलर्जी निर्माण करणारा घटक म्हणजे घरट्यातीलच एक प्रथिन. त्याची रचना कोंबडीच्या अंड्यातील एका प्रथिनाशी मिळतीजुळती आहे. तिथे तो भेसळीतून किंवा अस्वच्छतेतून येत नाही. अगदी शुद्ध, पांढऱ्या आणि महागड्या घरट्यातही तो असतो.