दलदल, शिकारी आणि पादत्राणे

शिकारीचा इतिहास बहुधा बंदुकीच्या अंगाने लिहिला जातो. शिकाऱ्याच्या पायांत काय होते, याची चौकशी क्वचितच होते. वास्तविक पाणथळ मुलखात बंदुकीपेक्षा पायांचीच परीक्षा अधिक. भातखाचरात पाणलाव्यामागे किंवा थंड देशाच्या चिखलरानात हरणाच्या मागावर दिवसभर हिंडणाऱ्याचा पाय भिजला, की तो प्रथम गारठतो, मग सोलवटतो आणि अखेरीस चालणेच थांबवतो.

दीर्घकाळ यावर चामड्याखेरीज इलाज नव्हता. चरबी, मेण आणि तेल यांचे मिश्रण चोळून चामडे जलरोधक करण्याचा खटाटोप युरोपात पिढ्यान्‌पिढ्या चालला. परंतु शिवणीतून पाणी शिरायचे ते शिरेच. वेलिंग्टन बुटाचीही मूळची जात चामड्याचीच. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा नदीचा उतार ओलांडून ज्याने असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला, त्याच आर्थर वेलस्लीचे, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाव या बुटाला मिळाले. लंडनच्या चर्मकाराकडून त्याने प्रचलित उंच बूट पायाला घट्ट बसेल असा बदलून घेतला. मराठी वाचकाला असईचे नाव कटू वाटावे हे स्वाभाविक. पण आज पावसाळ्यात गमबूट घालणारा प्रत्येक जण नकळत त्या सेनापतीच्या नावाशी नाते सांगत असतो.

चामड्याला पर्याय आला तो दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांतून. तेथील आदिवासी झाडाच्या चिकापासून जोडे घडवीत, आणि १८२०च्या दशकात असे जोडे बोस्टनच्या बाजारात पोहोचले. मात्र उन्हाळ्यात ते चिकट होत आणि थंडीत कडक होऊन तडकत. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला रबर गंधकासह तापविण्याची युक्ती साधली. १८४४ मध्ये अमेरिकेत त्याला तिचा एकाधिकार मिळाला. इंग्लंडमध्ये मात्र थॉमस हॅनकॉकने आदल्याच वर्षी बाजी मारली होती. १८५३ मध्ये हायरम हचिन्सनने फ्रान्समध्ये आणि १८५६ मध्ये नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनीने एडिंबरोत कारखाने काढले. लाकडी जोडे घालून शेतात राबणाऱ्या फ्रेंच शेतकऱ्याला हा बूट विशेष मानवला.

शिकाऱ्याचे मात्र यानेही पुरते समाधान झाले नाही. रबर पाणी आत येऊ देत नाही, तसा घामही बाहेर जाऊ देत नाही. शिवाय दिवसभराच्या चालीला संपूर्ण रबरी बूट जड पडतो. ही कोंडी फोडली ती अमेरिकेतील मेन राज्याच्या एका दुकानदाराने. लिऑन लिऑनवुड बीन १९११ मध्ये शिकारीहून ओल्या, ठणकत्या पायांनी परतला आणि त्याने गावच्या चर्मकाराकडून रबरी जोड्याच्या तळावर चामड्याची उंच बाही शिववून घेतली. पाणी असते खाली, तेव्हा रबर खालीच हवे; वर घोट्याला आणि पोटरीला हवा खेळावी म्हणून चामडे! विचार साधाच. १९१२ मध्ये त्याने परराज्यांतून येणाऱ्या परवानाधारक शिकाऱ्यांची यादी मिळवून त्यांना पत्रके धाडली आणि समाधान न झाल्यास पैसे परत करण्याची हमी दिली. शंभर जोड विकले गेले. त्यांतील नव्वद परत आले, कारण टाक्यांपाशी रबर फाटून चामड्यापासून सुटत होते. बीनने शब्द पाळून पैसे परत केले, कर्ज काढले, मजबूत रबराचे तळ बनवून घेतले आणि पुन्हा धंदा उभारला. तो बूट आजही बनतो. व्यापाराच्या इतिहासात इतके प्रामाणिक अपयश विरळाच म्हणावे लागेल.

पोटरीच्या संरक्षणाची कथा वेगळी आहे, आणि तिचे शीर्षक आपल्या भाषेतले आहे. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळण्याच्या लोकरी कापडाला हिमालयाच्या परिसरात ‘पट्टी’ म्हणत. इंग्रज लष्कराने ती उचलली आणि तिचे ‘पटी’ केले. जुन्या छायाचित्रांतील शिपायांच्या पायांवर ती आढळते. काटे, गवताची पाती आणि काही अंशी जळवा यांपासून ती वाचवी, चालताना पोटरीला आधारही देई. पण दीर्घकाळ भिजून घट्ट बसलेली पट्टी रक्ताभिसरण रोखते, हे पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत कळून चुकले. त्या युद्धात नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनीने सैन्यासाठी ११ लाखांहून अधिक जोड रबरी बूट बनविले.

हिंदुस्थानच्या भातखाचरांत मात्र रबराचा हा विजय निर्विवाद ठरला नाही. उष्ण हवेत गमबुटाच्या आत पाय घामानेच भिजतो, चिखल बूट ओढून घेतो, आणि पाणी एकदा वरून आत शिरले की तो बूट पखालीसारखा जड होतो. त्यामुळे पाणी आत येऊ द्यावे पण त्याला निघूनही जाता यावे, असे हलके कॅनव्हासचे बूट आणि त्यांवर पट्ट्या, हीच जोडी येथे सोयीची होती. थंड मुलखात शत्रू पाणी. येथे पाणी साचून राहणे हा शत्रू. सह्याद्रीतल्या जळवांसाठी दाट विणीचे मोजे आणि तंबाखूचे पाणी ही आणखी वेगळी तजवीज.

हा सारा विचार अर्थात बूट परवडणाऱ्यांचा. भारतीय तळ्यांवर पडलेली पाखरे पाण्यात उतरून आणणारे गावकरी बहुधा अनवाणीच असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे ते युग संपविले. भरतपूरच्या केवलादेव तलावावर जुन्या शिकारींचा शिलालेख मात्र उभा आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत ४,२७३ पाखरे पडल्याची नोंद त्यावर वाचता येते. तारीख, निमित्त, बंदुकांची संख्या आणि पाखरांची संख्या असे रकाने त्या शिळेवर आहेत.